रिकाम्या संगणकांचं भाडं: जॉर्जियातल्या एका खटल्याचा अभ्यास

आठ आरोप. प्रत्येकाला जास्तीत जास्त १५ वर्षांची कैद, म्हणजे कागदावर १२० वर्षं. शिवाय दर आरोपामागे ५०,००० डॉलरपर्यंत दंड, आणि वर ४,१५,००० डॉलरची भरपाई. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने २००१ साली एका संगणक तंत्रज्ञापुढे हा हिशेब ठेवला. अटलांटाजवळ क्लार्कस्टनला डीकॅल्ब टेक्निकल इन्स्टिट्यूट नावाची सरकारी तंत्रशिक्षण संस्था होती (आज तिचं नाव जॉर्जिया पीडमाँट टेक्निकल कॉलेज). तिथले संगणक सांभाळणं हे त्याचं काम. १९९९ मध्ये त्याने संस्थेच्या संगणकांवर एक छोटा प्रोग्रॅम टाकला. संगणक कुणी वापरत नसेल तेव्हा हा प्रोग्रॅम त्याला एका जाहीर स्पर्धेच्या गणिताला जुंपायचा. गुन्हा म्हणतात तो हाच.

हे प्रकरण संगणकाच्या जगात तेव्हा खूप गाजलं आणि मग विस्मरणात गेलं. मला ते पुन्हा काढावंसं वाटतं ते एका कारणासाठी. ‘लॅब रात्रभर रिकामी असते, संगणक चालूच असतात, त्यांचा उपयोग विज्ञानासाठी करू’ ही कल्पना आपल्याकडच्या अभियांत्रिकी कॉलेजांतही दर दोन-चार वर्षांनी कुणाला तरी सुचते. सुचावीच. पण ती अमलात आणताना पहिला फोन कुणाला करायचा, हे या खटल्याइतकं स्पष्ट दुसरं काही शिकवत नाही.

काय टाकलं होतं संगणकावर

तो प्रोग्रॅम होता डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या स्वयंसेवी गटाचा. १९९७ मध्ये आरएसए या सुरक्षा कंपनीने एक आव्हान जाहीर केलं: आमच्या आरसी-५ पद्धतीने कुलूपबंद केलेले हे संदेश, यांच्या किल्ल्या, म्हणजे ते उघडणारे गुप्त आकडे, शोधून दाखवा. त्यामागे राजकारणही होतं. अमेरिकी सरकार परदेशी विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ४० बिटांपेक्षा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) लांब किल्ली सहजासहजी वापरू देत नसे. इतक्या आखूड किल्लीने कुणाचंच गुपित राखलं जात नाही, हे चारचौघांत सिद्ध करून दाखवायचं होतं. ४० बिटांच्या किल्लीचा निकाल लागायला वेळ लागला नाही. जानेवारी १९९७ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने विद्यापीठातलेच सुमारे २५० संगणक एकत्र लावून साडेतीन तासांत ती शोधली. म्हणजे या गोष्टीची सुरुवातच मुळी कॅम्पसवरच्या रिकाम्या संगणकांपासून होते.

५६ बिटांची किल्ली डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शोधली. मग ६४ बिटांची पाळी आली. दोनाचा ६४वा घात म्हणजे १८ वर अठरा शून्यं, त्याहून थोडं जास्तच. इतक्या किल्ल्या एकेक करून लावून पाहायच्या. यात युक्ती काही नाही, नुसती ढोरमेहनत. म्हणून जगभरच्या लोकांनी आपापले संगणक दिले. गटाचा मध्यवर्ती सर्व्हर प्रत्येकाला सांगायचा, ‘या क्रमांकापासून या क्रमांकापर्यंतच्या किल्ल्या तू तपास’. काम झालं की संगणक उत्तर कळवायचा आणि पुढचा वाटा मागायचा. गटाचं मानचिन्ह होतं गाय. सर्व्हरशी बोलणं झालं की बाकी सगळा वेळ ही गाय आपापल्या गोठ्यात मुकाट रवंथ करायची.

इथे दोन तांत्रिक गोष्टी बारकाईने पाहायला हव्यात, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यावर उभा आहे.

पहिली, नेटवर्क. सर्व्हरकडून येणारा मजकूर म्हणजे किल्ल्यांच्या एका पट्ट्याचा पत्ता आणि थोडा हिशेब. तोही साठवून ठेवता येई. प्रोग्रॅम बरेच वाटे एकदम आणून ठेवायचा आणि कितीतरी तास इंटरनेटला हातही लावायचा नाही. त्याच काळात लोकप्रिय झालेल्या, परग्रहावरच्या जीवांचे संकेत शोधणाऱ्या ‘सेटी ॲट होम’मध्ये रेडिओ दुर्बिणीची नोंद पाठवावी लागे, एका वाट्याला साधारण ३५० किलोबाइट. त्याच्या तुलनेत किल्ल्या शोधणाऱ्या प्रोग्रॅमची देवाणघेवाण अगदीच किरकोळ.

दुसरी, प्रोसेसर. हा प्रोग्रॅम सगळ्यात खालच्या प्राधान्यावर चालायचा. कुणी की-बोर्डला हात लावून वर्ड उघडलं की तो बाजूला सरकायचा. विजेचं म्हणाल तर विंडोज ९५ प्रोसेसर रिकामा असला तरी त्याला खऱ्या अर्थाने विश्रांती देत नसे. तो नुसता गिरक्या घेत बसायचा. त्यामुळे त्या पिढीतल्या अनेक मशीनवर ‘रिकामा’ आणि ‘कामात’ यांच्या वीजबिलात फार फरक पडत नव्हता. आज तसं नाही. त्याकडे शेवटी येतो.

या मेहनतीचं बक्षीस दहा हजार डॉलर. त्यातले सहा हजार सहभागी लोकांनी निवडलेल्या सेवाभावी संस्थेला, दोन हजार गटाच्या खर्चाला. ज्याच्या संगणकावर किल्ली सापडेल त्याला एक हजार, आणि त्याच्या संघाला एक हजार. लाखो लोक भाग घेत असताना हे हजार डॉलर आपल्यालाच मिळतील या आशेने कुणी नोकरी पणाला लावेल, हे मला तरी पटत नाही.

५९ सेंट

संस्थेच्या हे लक्षात आलं, जाब विचारला गेला आणि तंत्रज्ञाने २०००च्या सुरुवातीला राजीनामा दिला. बहुतेक ठिकाणी प्रकरण इथेच मिटलं असतं. इथे ते जॉर्जियाच्या तपास यंत्रणेकडे गेलं, वर्षभराहून जास्त काळ तपास चालला, आणि राज्याच्या महाधिवक्त्याच्या कार्यालयाने आरोप ठेवले: एक संगणक-चोरीचा, सात संगणकात अनधिकार शिरकाव केल्याचे.

नुकसानीचा आकडा काढताना दर धरला होता तो सेकंदाला ५९ सेंट, वापरल्या गेलेल्या बँडविड्थपोटी, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या वापरापोटी. जरा पाटी-पेन्सिल घेऊ. ४,१५,००० डॉलरला ०.५९ने भागलं की सुमारे ७,०३,००० सेकंद येतात, म्हणजे १९५ तास, आठ दिवसांच्या जरा वर. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ५९ सेंटच्या दराने एका तासाचे २,१२४ डॉलर होतात. २००१ सालच्या दराने साधारण एक लाख रुपये तासाला. कुठल्याही तंत्रशिक्षण संस्थेच्या इंटरनेट जोडणीला ताशी लाख रुपये पडत असतील, तर तिने आधी आपल्या कंत्राटदाराला न्यायालयात खेचायला हवं.

चूक केवळ दरात नाही, हिशेबाच्या पद्धतीत आहे. नागपूरला रिकामी निघालेली एसटी. तिच्यात कुणी न विचारता एक खोकं ठेवलं. भाडं खोक्याचं घ्यावं, हवा तर दंडही घ्यावा. पण ‘अख्खी गाडी आरक्षित केली’ असं धरून पावती फाडली तर वाद घालावाच लागेल. संस्थेची जोडणी महिन्याच्या ठरलेल्या दराची असेल, तर किल्ल्यांचे वाटे आणल्याने बिल एका पैशानेही वाढत नाही. खरा खर्च शोधायचा तर तो तीन ठिकाणी शोधावा लागतो: जादा वीज, प्रोग्रॅम काढून टाकायला लागलेले कर्मचाऱ्यांचे तास, आणि खरोखरच कुणाचं काम अडलं असेल तर तो तोटा. हे तिन्ही मोजता येतात. मात्र मोजून आलेला आकडा बातमीत चमकत नाही.

तरीही ‘शून्य नुकसान’ हा तेव्हाच्या समर्थकांचा सूर मला मान्य नाही. यंत्र दुसऱ्याचं असलं की त्यावर काय चालावं हे ठरवण्याचा हक्कही दुसऱ्याचा असतो. खर्च शून्य असला म्हणून तो हक्क संपत नाही. खुद्द डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटचीही अट होती की स्वतःच्या किंवा मालकाने परवानगी दिलेल्या संगणकावरच प्रोग्रॅम चालवावा. ‘सेटी ॲट होम’ आणि पुढे बॉइंक या, अशा अनेक प्रकल्पांच्या सामायिक सॉफ्टवेअरवर चालणारे प्रकल्प हेच सांगत आले, शिवाय शाळा-कंपन्यांमध्ये अशा वापराला मनाई असू शकते असा स्पष्ट इशाराही देत आले. अर्थात प्रोग्रॅम बसवताना येणारा तो मजकूर किती जण वाचतात, हा भाग वेगळा.

गैरवापराने खरंच काय होऊ शकतं याचं उदाहरणही त्याच काळात घडलं होतं. १९९८ मध्ये यू एस वेस्ट या दूरध्वनी कंपनीत बाहेरून कंत्राटावर आलेल्या एका तंत्रज्ञाने मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी २,५८५ संगणक कामाला लावले. एरवी तीन-पाच सेकंदांत सापडणारा फोन नंबर शोधायला पाच-पाच मिनिटं लागू लागली. तिथे सेवा कोलमडली, ग्राहक ताटकळले. नुकसान डोळ्यांना दिसत होतं. डीकॅल्बमध्ये असं काहीच पुढे आलं नाही. पण फिर्याद मात्र यू एस वेस्टला शोभेल अशी होती.

‘अधिकार नसताना’

जॉर्जियाच्या कायद्याचा गाभा दोन गोष्टींत आहे. वापर अधिकाराविना असला पाहिजे, आणि तो अधिकाराविना आहे याची वापरणाऱ्याला जाणीव असली पाहिजे. मालकाने दिलेल्या परवानगीच्या पलीकडे जाणं हेही ‘अधिकाराविना’ या व्याख्येत येतं. ऐकायला सोपं. आता हे माणसाला लावून पाहा.

या तंत्रज्ञाला संगणकांचे पासवर्ड कुणी दिले? संस्थेने. त्यावर प्रोग्रॅम टाकणं, काढणं, अद्ययावत ठेवणं कुणाचं काम? त्याचंच. तो चोरपावलांनी आत शिरलेला बाहेरचा माणूस नव्हता. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला होता. मग कुठला प्रोग्रॅम टाकणं त्याच्या अधिकारात आणि कुठला बाहेर, ही रेघ कुणी, कुठे, कोणत्या कागदावर ओढली होती? राज्याला हे सिद्ध करावं लागलं असतं की अशी रेघ होती, त्याला ती दाखवली होती, आणि ती ठाऊक असून त्याने ओलांडली. ‘कुणालाही कळेल की हे चुकीचं आहे’ हा युक्तिवाद कॅन्टीनमध्ये चालतो. फौजदारी खटल्यात आरोपीच्या मनातली जाणीव पुराव्याने उभी करावी लागते.

माझ्या मते प्रकरणाची खरी मेख इथे आहे. संस्थेकडे कारवाईच्या पायऱ्या उपलब्ध होत्या: तोंडी समज, लेखी ताकीद, पगारकपात, फार तर बडतर्फी. राजीनामा आला तेव्हाच प्रशासनाच्या दृष्टीने शिक्षा पूर्ण झाली होती. त्यानंतर फौजदारी वाट धरली गेली आणि मग आकडा मोठा असणं गरजेचं झालं, कारण क्षुल्लक नुकसानीसाठी गंभीर गुन्ह्याचे आठ आरोप ठेवणं विचित्र दिसलं असतं. आकड्याने आरोपाला आधार दिला आणि आरोपाने आकड्याला.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था तंत्रज्ञाच्या मदतीला आली. जानेवारी २००२ मध्ये तडजोड झाली. एक वर्ष परिवीक्षा (प्रोबेशन), २,१०० डॉलर भरपाई, आणि ८० तास समाजसेवा. ही समाजसेवा संगणक किंवा तंत्रज्ञानाशी संबंधित नसावी, अशी अटही होती. पहिल्या गुन्ह्यासाठीच्या तिथल्या विशेष कायद्यामुळे त्याच्या नावावर गुन्ह्याची नोंद राहणार नव्हती.

२,१०० डॉलर म्हणजे मूळ मागणीचा जवळपास दोनशेवा भाग. आणि सरकारच्याच ५९ सेंटच्या दराने मोजलं तर पुरते साठ मिनिटांचेही होत नाहीत.

त्याच जुलैत किल्ली सापडली. टोकियोमधल्या एका ४५० मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम-३ संगणकावर, जवळपास पावणेपाच वर्षांच्या शोधानंतर. ३,३१,२५२ जणांनी हातभार लावला होता. गंमत म्हणजे उत्तर येऊन पडलं तरी सर्व्हरवरच्या गडबडीमुळे महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्याच खात्यातली दुसरी माणसं

आता नकाशावर पश्चिमेकडे सरकू. मिझुरी राज्यातल्या वॉरन्सबर्ग या छोट्या गावात युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल मिझुरी आहे (२००६ पर्यंत सेंट्रल मिझुरी स्टेट युनिव्हर्सिटी). तिथले प्राध्यापक कर्टिस कूपर यांनी सहकारी स्टीव्हन बून यांच्यासोबत कॅम्पसवरचे शेकडो संगणक ‘जिम्प्स’ या मूळ संख्या शोधणाऱ्या स्वयंसेवी प्रकल्पाला जोडले. डिसेंबर २००५ मध्ये त्यांच्या एका संगणकाला ९१,५२,०५२ अंकी मूळ संख्या सापडली. सप्टेंबर २००६ मध्ये आणखी एक, ९८,०८,३५८ अंकी. त्या वेळी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननेच एक कोटी अंकांची पहिली मूळ संख्या शोधणाऱ्याला एक लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. दोन लाखांहून कमी अंकांनी ते हुकलं.

ते बक्षीस गेलं लॉस एंजेलिसला. ऑगस्ट २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या गणित विभागाच्या लॅबमध्ये १,२९,७८,१८९ अंकी मूळ संख्या सापडली. लॅबमध्ये ७५ संगणक. ते सांभाळणारे एडसन स्मिथ यांच्या लक्षात आलं होतं की प्रोसेसरची ताकद जेमतेम वापरली जाते, बाकी वाया जाते. म्हणून त्यांनी सगळ्यांवर जिम्प्सचा प्रोग्रॅम टाकला. हे वाक्य डीकॅल्बच्या प्रकरणातूनही उचललेलं वाटेल. पद तेच, लॅब तशीच, प्रोग्रॅमचा प्रकारही तोच. एकाच्या मदतीला जी फ्रंटियर फाउंडेशन धावते तीच दुसऱ्याच्या शोधाला लाख डॉलर देते, आणि त्यातले ५०,००० डॉलर गणित विभागाच्या तिजोरीत जातात, २५,००० दानधर्माला, उरलेले जिम्प्सला आणि आधीच्या शोधकर्त्यांना.

कूपर यांना पुढे जानेवारी २०१३ मध्ये १,७४,२५,१७० अंकी मूळ संख्या मिळाली. ती मूळ आहे हे पडताळायला एकच संगणक सलग ३९ दिवस चालत होता. या ३९ दिवसांचा विचार प्रशासनाच्या बाजूने करून पाहा. सव्वा महिना एक मशीन बंद करायचं नाही, रीस्टार्ट झालंच तर काम होतं तिथून पुढे सुरू व्हायला हवं, सफाई कामगाराने प्लग काढायचा नाही. हे लपूनछपून होतच नाही. ज्या कॅम्पसवर असं काही वर्षानुवर्षं चालतं तिथे आयटी विभाग, गणित विभाग आणि वरचे अधिकारी यांना त्याची कल्पना असते, आणि शोध लागला की विद्यापीठच तो मिरवतं.

या विचारावर उभी केलेली व्यवस्था तर अजून जुनी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ‘कॉन्डोर’ मांडलं, कॅम्पसवरच्या रिकाम्या संगणकांची शिकार करणारं गिधाड म्हणून. त्यात मालकाची मर्जी प्रणालीतच गुंफलेली होती. प्रत्येक संगणकाच्या मालकाने आपले नियम आपण लिहायचे: माझं यंत्र केव्हा मिळेल, कुणाला मिळेल, मी परत खुर्चीत बसलो की पाहुण्याने किती वेळात उठायचं.

डीकॅल्बची पुनरावृत्ती मात्र थांबली नाही. २००९ मध्ये ॲरिझोनातल्या हिग्ली शाळा-जिल्ह्यात माहिती तंत्रज्ञान पाहणाऱ्या अधिकाऱ्याने हजारो शालेय संगणकांवर ‘सेटी ॲट होम’ वर्षानुवर्षं चालवल्याचं उघड झालं. जिल्ह्याने सांगितलेला खर्च दहा लाख डॉलरच्या वर होता. त्यालाही पद सोडावं लागलं.

आपल्या लॅबमध्ये

आपल्याकडे हे कुठल्या कलमात बसेल? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३. मालकाच्या, ‘किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीच्या’, परवानगीशिवाय संगणकात प्रवेश केला, त्याचं काम विस्कळीत केलं, तर भरपाई द्यावी लागते. इथे हेतू पाहिला जात नाही. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर चालतात.

म्हणजे विज्ञानप्रेमी लॅब असिस्टंट तुरुंगात जाण्याची शक्यता कमी, कारण कपट सिद्ध करणं अवघड. पण भरपाईच्या दाव्यापासून सदिच्छा वाचवत नाही. आणि कायद्याच्या भाषेतच सुटकेची वाटही आहे: ‘ज्याच्या ताब्यात आहे’ अशा व्यक्तीची परवानगी. आपल्या कॉलेजांत डेडस्टॉक रजिस्टरवर ज्याची सही असते तो लॅब इन्चार्ज कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज असेल तर मी एवढ्यावर थांबणार नाही. विभागप्रमुखांची शिफारस आणि प्राचार्यांची सही घेईन. ‘सर हो म्हणाले’ हा पुरावा सर निवृत्त होईपर्यंतच टिकतो.

मात्र अर्ज लिहायच्या आधी विजेचा हिशेब करा, कारण १९९९ची परिस्थिती आता राहिलेली नाही. आजचा प्रोसेसर रिकामा असताना खरंच झोपतो. त्याला पूर्ण कामाला लावलं की वीज लक्षात येण्याइतकी वाढते. धरा, ४० संगणकांची लॅब आहे, प्रत्येकी ६० वॉट जादा, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ. रात्रीला ३३.६ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर ३३६ रुपये, महिन्याला दहा हजारांच्या घरात. एसी चालू ठेवावा लागला तर तो वेगळा. आणि लॅब मुळात रात्री बंद केली जात असेल तर संगणक चालू ठेवण्याचा सगळाच खर्च नवा. तिथे ‘नाहीतरी वाया जातंय’ हे वाक्य खोटं ठरतं. अशा लॅबला मी सांगेन, रात्री बटण बंद करा आणि दिवसा, प्रॅक्टिकल चालू नसताना, प्रोसेसरचा ठरावीक हिस्सा द्या. बॉइंकमध्ये वेळ, टक्केवारी आणि ‘इतकी मिनिटं कुणी हात लावला नाही तरच’ या तिन्ही अटी घालता येतात.

कशासाठी द्यायचं हाही प्रश्न आहे. ‘सेटी ॲट होम’ने ३१ मार्च २०२० पासून नवं काम वाटणं थांबवलं. पण ‘आइन्स्टाइन ॲट होम’ २००५ पासून चालू आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या नोंदी तो चाळतो. अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदीही तो चाळतो, आणि २०१० मध्ये त्या नोंदींतून पहिला नवा पल्सार (ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारा, गिरक्या घेणारा तारा) हाती लागला, तोही स्वयंसेवकांच्या संगणकांवर. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या भौतिकशास्त्र विभागाला याहून जवळचा विषय कोणता मिळणार? अर्जात हे जरूर लिहा. प्राचार्यांना सही करायला कारण हवं असतं.

बाकी अर्जात कोरड्या गोष्टीच महत्त्वाच्या. कोणता प्रकल्प, कोणती लॅब, किती यंत्रं, कोणत्या वेळेत. परीक्षेच्या आणि ऑनलाइन चाचणीच्या काळात सगळं बंद राहील हे वेगळ्या ओळीत. वीजबिलाचा अंदाज, आकड्यात. प्रोग्रॅम फक्त प्रकल्पाच्या मूळ साइटवरूनच उतरवला जाईल आणि तो चालवणारं विंडोजचं खातं मर्यादित हक्कांचं असेल. अनेक लॅबमध्ये संगणक रीस्टार्ट केला की सगळं पुसून मूळ स्थितीला आणणारं सॉफ्टवेअर असतं. तिथे बॉइंकने केलेलं अर्धं काम रोज पुसलं जाईल, तेव्हा त्याचा डेटा कुठे ठेवायचा हे नेटवर्क पाहणाऱ्याला आधीच विचारून घ्या. आवक-जावकमध्ये नोंद करून पोच घ्या.

आणि प्रकल्पावरचं खातं कॉलेजच्या ईमेलवर उघडा, स्वतःच्या नाही. केलेल्या कामाबद्दल प्रकल्प देतो ते गुण कॉलेजच्या नावावर जमू देत. ते खातं, त्याचा पासवर्ड आणि प्रोग्रॅम कुठल्या कुठल्या यंत्रावर आहे त्याची यादी विभागाच्या फाइलमध्ये राहील, आणि लॅब असिस्टंट बदलून गेला तर ती कुणाकडे सोपवायची, त्याचं नाव नव्हे तर पद, त्याच अर्जात लिहून ठेवा.